रॅप म्हणजे फक्त अमेरिका नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात आता कॉलेजची पोरं मराठीत रॅप करायला लागलीत, लई भारी वाटतं, पण हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातनं आलं त्या संगीताचा, विषय निघाला की सगळे अमेरिकेवरच येऊन थांबतात. मान्य, १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीतनं हे सुरू झालं. पण पुढं आफ्रिकेनं त्याचं काय केलं ते कुणी सांगतच नाही!

सेनेगलचंच बघा. १९८९ ला राजधानी डाकारमध्ये पॉझिटिव्ह ब्लॅक सोल हा ग्रुप तयार झाला, त्यांनी तिथल्या वोलोफ भाषेत रॅप केलं, आणि वंशावळी नि इतिहास तोंडपाठ गाणारे ग्रिओ तिथं शतकानुशतकं आहेतच, आपल्या शाहिरांसारखे, त्यामुळं लोकांना ते परकं वाटलं नसणार. पुढं २०११ ला तिथल्याच रॅपर आणि पत्रकारांनी 'याँ आ मार' (म्हणजे 'आता पुरे झालं') चळवळ काढली, तरुणांना मतदार नोंदणीला लावलं आणि २०१२ ला तिथले राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद निवडणूक हरले. टांझानियात स्वाहिली भाषेतलं बोंगो फ्लेवा नावाचं हिपहॉप आहे, घानात हायलाइफ हे तिथलं लोकप्रिय संगीत रॅपमध्ये मिसळून झालेलं हिपलाइफ.

अमेरिकेत पण राजकीय रॅप आहे, पब्लिक एनिमी हा ग्रुप आहेच की, पण तिथं मोठ्या कंपन्यांचा पैसा आला आणि गाडी, सोनं, ब्रँड हेच जास्त दिसायला लागलं. आफ्रिकेत पण तसली गाणी निघतात, नाही म्हणत नाही. तरी मला डाकारच जवळचं वाटतं. रविवारच्या पुरवणीत यावर एक मोठा लेख द्या, आमची पोरं नक्की वाचतील.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर