प्रिय मंदेस, ग्रँट रोडहून

प्रिय मंदे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घातल्या असशीलच. तब्येत बरी, गुडघा तसाच.

परवा मी पोलिसांच्या धाडीत पंच झाले, म्हणजे साक्षीदार. पिटा कायद्यात, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्धच्या कायद्यात, म्हणे कुंटणखान्यावर धाड टाकताना दोन प्रतिष्ठित माणसं लागतात, त्यात एक तरी बाई. हस, हस. चाळीत मला प्रतिष्ठित म्हणणारं कोणी भेटलं असतं तर तू त्याचा चष्मा बदलला असतास.

पोलिसांनी पाठवलेलं बोगस गिऱ्हाईक आधी वर गेलं, नंबर टिपलेल्या नोटा घेऊन. त्याचा मिस्ड कॉल आला तसे आम्ही जिना चढलो. पहिल्याच खोलीत एक बाई पोळ्या लाटत होती, पस्तिशीची असेल. "हात धुते" म्हणाली, तर शिपाईणबाईने वेणीच धरली. तिने चौकट पकडली. एकेक बोट सोडवावं लागलं गं, लाकडावर पिठाचा पंजा उमटला. तव्यावरची पोळी करपत होती, तो गॅस मी बंद केला. एवढंच माझं शौर्य.

पोलीस साहेबांना म्हटलं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, धाडीत या बायकांना अटक करू नका, छळू नका? ते म्हणाले, "मॅडम, अटक कुठे? सुटका करतोय." आता मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षं सुधारगृहात पाठवू शकतो. जामीन मागायचा तर आधी आरोपी असायला हवं, ही तर 'पीडित'. २०२० मध्ये आपल्या हायकोर्टाने अशा तिघींना सोडलं खरं, पण हिच्यासाठी तिथवर जाणार कोण?

पंचनाम्यात नोटा आल्या, निरोधची पाकिटं आली. वेणी आली नाही. खाली माझी सही.

१९९६ चा फेब्रुवारी आठवतो? कामाठीपुऱ्यातून चारशेच्या वर बायका-पोरी उचलल्या, त्यात कितीतरी नेपाळी. मी पेढे वाटायच्या बेतात, आणि तू म्हणालीस, "विचारलं का त्यांना?" दोन महिने अबोला धरला मी. तुझा डबाही परत केला नाही, अजून माझ्याकडेच आहे.

तरी तू पूर्ण जिंकलीस असं समजू नकोस. आतल्या खोलीत एक पोर होती, सोळाचीही नसेल. तिला बाहेर काढलं ते बरंच झालं. पण त्याच गाडीत पोळीवालीही होती, त्याच 'सुटका' शब्दाखाली.

कोर्टाचं बोलावणं येईल. वेणीचं सांगितलं तर पंच फुटला म्हणतील, आणि त्या पोरीची केसही ढिली पडेल. काय करू?

तन्वीची बारावी कशी गेली? भावोजींचं ऑपरेशन झालं का? लगेच लिही, फोनवर मला रडू येईल.

तुझी,
सुली