प्लॅटिनम वंशशोध: पैसे परत करा आणि आमच्या वंशवृक्षातून परका माणूस काढा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या बाईंनी आत्ताच 'हॅव अ नाइस डे' म्हणून फोन ठेवला. त्याच तिरीमिरीत हे लिहितोय, तेव्हा भाषा तिखट झाली तर सोसा.

प्लॅटिनम वंशशोधात काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमचंच प्रॉडक्ट आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ विठू यांचा मॉरिशसमध्ये पुढे काय वंश वाढला ते कळावं, म्हणून मी २४,९९९ रुपये भरले. राजापूर तालुक्यातून ते मुंबईला आले आणि तिथून जहाजाने उसाच्या मळ्यावर गेले. घरात त्यांचं एकच पत्र आहे, मोडीतलं, शके १७९६ चं म्हणजे १८७४ चं. जाणकाराकडून वाचून घेऊन ते देवनागरीत उतरवलं आणि स्कॅनसकट तुम्हाला पाठवलं. त्यात मळ्याचं नाव आहे, आणि त्यांचा नंबर आहे.

हा नंबर कसला, हे तुमच्या 'तज्ज्ञ संशोधकांना' ठाऊक असेल असं मी धरून चाललो. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक गिरमिटियाला, म्हणजे करारावर मळ्यात आणलेल्या मजुराला, असा नंबर मिळायचा. रजिस्टरात त्यापुढे नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज असं सगळं लिहिलेलं असे. ही रजिस्टरं मॉरिशसमधल्याच मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आजही आहेत. आडनावाचा मात्र तिथे भरवसा नाही. तिकडे पुष्कळांच्या बापाचं किंवा आजोबाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. आणि तुम्ही शोधलंत काय? आमचं आजचं आडनाव, आजच्या इंग्रजी स्पेलिंगने! नंबर तसाच पडून राहिला, कारण तुमच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही.

आता आजचा फोन. मी म्हटलं, अहो, त्या नंबरावरून शोधा.

"काका, तो नंबर आम्ही ट्राय केला. लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"इनव्हॅलिड येतोय. मॉरिशसचा कोड लावूनसुद्धा बघितला. एखादा डिजिट राहिलाय का?"

मला आधी कळेचना. १८७४ साली मळ्यात ऊस तोडणाऱ्या माणसाला तुम्ही फोन लावत होतात, तोही कंट्री कोड लावून. मी शांतपणे (सौ.चं मत वेगळं आहे) सांगितलं की बाई, बेलसाहेबाला टेलिफोनचं पेटंटच १८७६ मध्ये मिळालं. त्यावर पलीकडून, "ओके काका, मग ऑल्टरनेट नंबर असेल ना काही?"

मग मला होल्डवर टाकलं. सतार ऐकली. बाई परत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण प्रॉपर्टीचं काही मॅटर आहे का? तसं असेल तर आपलं लीगल पॅकेज वेगळं आहे."

विठू जिवंत की मेलेले तेच कुणाला कळलं नाही, म्हणून सर्वपित्रीला त्यांच्या नावाचं पान वाढायचं की नाही यावर आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या वाद झाले. आणि तुमच्या बाईंना दिसला सातबारा!

तुमच्या अहवालाबद्दल तर काय बोलावं. 'जुळणी ७८ टक्के'. त्यातल्या फोटोतला माणूस बिहारमधल्या आरा भागातला, आणि जहाजात बसला कलकत्त्याला. राजापूरच्या माणसाने मुंबई सोडून कलकत्ता कशाला गाठावं? बापाचं नावही वेगळं. उरलेल्या २२ टक्क्यांत नाव, गाव, बाप आणि बंदर येत असावं.

हेही सोडून दिलं असतं. पण मला न विचारता तुम्ही त्या माणसाला आमच्या वंशवृक्षात बसवलंत आणि तो वृक्ष सगळ्यांना खुला केलात. त्याच्या वंशातली एक बाई मॉरिशसच्या फ्लाक जिल्ह्यात राहते. आपले पुण्याचे नातेवाईक सापडले, म्हणून तिचा मेसेज आला, सोबत आईचा आणि मुलांचा फोटो. आम्ही तुमचे कुणी नव्हे, हे तिला मला कळवावं लागलं. तिचं उत्तर आलेलं नाही. तिचीही माणसं हरवलेलीच आहेत, बिहारात कुठेतरी, आणि तुम्ही तिला पुण्याचा पत्ता दिलात.

यावर तुमचा उपाय म्हणजे डीएनए किट, सवलतीत. तिकडच्या कुणी आपली थुंकी दिलेली असेल तरच माझी जुळणार ना? आणि नंबर हातात असताना थुंकी कशाला? नंबर, साहेब, नंबर. त्यावरून शोधा एवढंच पहिल्यापासून सांगतोय.

माझ्या साडूंचे चुलते नैरोबीला गेले ते गेलेच. साडूंना तुमचं नाव मीच मोठ्या तोंडाने सुचवलं होतं. आता त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

'संशोधनाचे तास वापरले गेल्याने रिफंड नाही' हे ऐकून घेणार नाही. परक्या माणसाचे तास माझ्या खात्यावर टाकू नका. पूर्ण रक्कम परत करा आणि तो वंशवृक्ष आजच्या आज काढा. फ्लाकच्या त्या बाईंची लेखी माफी मागा, माझी नंतर मागितलीत तरी चालेल. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो. २०१९ च्या कायद्याने ती राहत्या गावी करता येते आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, तेव्हा काका थकतील या भरवशावर राहू नका.

रजिस्टरातल्या उताऱ्यासाठी मोकाच्या त्या इन्स्टिट्यूटला आता मीच लिहितोय. नंबर घालून.

उत्तर लेखी द्या. फोनवर बोलायची हौस फिटली.

एक ग्राहक,
कर्वेनगर, पुणे