छपाईआधी कागदाचे काम विचारा

माननीय संपादक यांस,
सविनय नमस्कार.

मार्च महिना लागला की पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंतच्या छापखान्यांत बिलबुकांची घाई सुरू होते. बहुतेक व्यापारी १ एप्रिलपासून बिलांचे क्रमांक नव्याने सुरू करतात आणि त्याच निमित्ताने लेटरहेड, पाकिटे, व्हिजिटिंग कार्डे असे सगळेच छापून घेतात. ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रासाठी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यापासून आजच्या ऑफसेट यंत्रापर्यंत माझी छत्तीस वर्षे या धंद्यात गेली आणि या घाईत एकच चूक दरवर्षी होताना मी पाहत आलो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गिऱ्हाईक नमुन्यांच्या फाइलमधून चकाकी निवडते, छापखाना ती मुकाट्याने छापून देतो आणि तो कागद पुढे कोणत्या कामाला जाणार आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

गेल्या वर्षी सदाशिव पेठेतील एक करसल्लागार माझ्याकडे कागदांची थप्पी घेऊन आले. त्यांनी दुसरीकडून लेटरहेड करून घेतले होते. कागद उत्तम, वर सोनेरी फॉइलचे, म्हणजे चमकदार पातळ पापुद्र्याचे, बोधचिन्ह. पहिलेच पत्र कार्यालयातील लेझर प्रिंटरमधून काढले तेव्हा बोधचिन्हाचा अर्धा भाग उडालेला होता आणि पुढच्या प्रत्येक पानावर ठरावीक अंतराने सोनेरी ठिपके उमटत होते. कारण सरळ आहे. टोनर कागदावर वितळवून बसवणारा प्रिंटरमधील रूळ दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि फॉइलही मुळात तापलेल्या ब्लॉकने दाबूनच चिकटवलेली असते. रुळाखाली ती पुन्हा मऊ होते, सुटते आणि रुळालाच चिकटते. ओल्या शाईवर राळेची पूड टाकून ती उष्णतेने फुगवायची, अशा उठावाच्या छपाईलाही हेच लागू आहे. प्रिंटरमधून जाणाऱ्या लेटरहेडला ९० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) साधा बॉण्ड कागद आणि एक-दोन रंगांची, पुरती वाळलेली ऑफसेट छपाई हेच योग्य. फॉइलची हौस असेल तर ती व्हिजिटिंग कार्डावर किंवा फोल्डरवर खुशाल करावी.

व्हिजिटिंग कार्डाचेही तसेच. एका डॉक्टरांच्या स्वागतकक्षात बसलो असताना तेथील ताई कार्डाच्या मागे पुढच्या भेटीची वेळ लिहीत होत्या. बॉलपेन दोनदा घसरले, तिसऱ्यांदा उमटले आणि पेशंटने कार्ड खिशात ठेवेपर्यंत शाई अंगठ्याला लागली. कार्डावर दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन होते. लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म. तिच्यात शाई मुरायची कुठे? मग कोणी सुचवते की एकाच बाजूला लॅमिनेशन करा. ते आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकत नाही, कारण उघडी बाजू हवेतील ओल शोषून पसरते, फिल्म मात्र पसरत नाही, आणि कार्ड फिल्मच्या बाजूला वाकते. ज्या कार्डावर लिहायचे आहे त्याला ३०० जीएसएमच्या पुढचा, लेप नसलेला कागद घ्यावा आणि तो तसाच राहू द्यावा.

आता थोडे देवनागरीविषयी, कारण नमुन्यांच्या फाइलमधील बहुतेक कार्डे इंग्रजी अक्षरांची असतात आणि फसगत तेथूनच सुरू होते. फॉइल दाबताना अक्षराच्या कडेने किंचित पसरते. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते पचते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, मात्रा आणि अनुस्वार दाटीने बसलेले असतात. ‘कीर्ती’ या शब्दातील ‘र्ती’ पाहा: वेलांटीचे वळण आणि रफार यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. बारीक अक्षरात ती बुजली की नाव वाचता येत नाही. ‘ष’ आणि ‘क’ यांच्या पोटांतील मोकळी जागाही अशीच भरून जाते. एम्बॉसिंगमध्ये नर आणि मादी अशा दोन डायांमध्ये कागद दाबून अक्षर उठवतात. तेथे बारीक रेघ नीट उठतच नाही आणि पातळ कागद फाटतो. म्हणून फॉइल किंवा उठाव करायचा असेल तर एकसारख्या जाडीच्या रेघांचा, मोकळा टाइप घ्यावा, अक्षर मोठे ठेवावे आणि पत्ता, फोन वगैरे साध्या शाईत छापावा. गडद चौरंगी पार्श्वभूमीवर पांढरी बारीक मराठी अक्षरे ठेवण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. चार रंगांपैकी एक जरी तसूभर सरकला तरी अनुस्वार पहिला बुजतो.

हल्ली खिळ्यांच्या छपाईला पुन्हा मागणी येते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या उमेदवारीच्या काळात कागदाच्या पाठीवर खिळ्याचा ठसा उमटला तर मालक फॉर्म, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, पुन्हा बसवायला लावत. शाई लागावी, दाब दिसू नये, अशी ती शिस्त होती. आजच्या गिऱ्हाइकाला तोच खोल ठसा बोटाला जाणवायला हवा असतो. त्यासाठी जाड, मऊ, सुती कागद लागतो आणि तो मिळवायला लांब जायला नको. शिवाजीनगरला १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने आणि के. बी. जोशी यांच्या खटपटीने सुरू झालेली हातकागद संस्था आपल्या गावात आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद ठसा सुरेख धरतो. मात्र त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि तंतू सुटतात, त्यामुळे तो ऑफसेटवर चढवण्याचा आग्रह धरू नये.

बिलबुकात सजावट नसते, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नुकसान सर्वांत जास्त तेथेच होते. जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: पहिली खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची. सेवेसाठी दोन पुरतात. बिलाचा क्रमांक सोळा अक्षर-अंकांपेक्षा लांब चालत नाही. कार्बन पेपर न घालता खालच्या पानांवर प्रत उमटवणाऱ्या विनाकार्बन कागदात वरच्या पानाच्या पाठीला, मधल्या पानाच्या दोन्ही अंगांना आणि शेवटच्या पानाच्या दर्शनी बाजूला लेप असतो. जुळणी करताना हा क्रम उलटला की तिसरी प्रत कोरी राहते आणि ते कळते ग्राहक निघून गेल्यावर. पुस्तकाच्या मागे सरकवायचा पुठ्ठा दिला नाही तर एका बिलावरचे लिखाण खालच्या पुढच्या बिलांवरही उमटत जाते. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार लेटरहेड आणि बिलावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि एकवीस अक्षर-अंकांचा कंपनी ओळख क्रमांक छापावाच लागतो. तो राहिला म्हणून अख्खी रिम रद्दीत गेलेली मी पाहिली आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की जॉब कार्डावर कागदाचे नाव आणि जीएसएम, छपाईची पद्धत आणि फिनिशिंग यांच्या आधी एक ओळ लिहावी: ‘हा कागद कशासाठी वापरणार?’ त्या उत्तराशी चकाकी जुळत नसेल तर काम घेण्यापूर्वीच तसे स्पष्ट सांगावे, मग बिल दोन पैशांनी कमी झाले तरी चालेल. गिऱ्हाइकांनीही ३१ मार्चच्या गर्दीत मोबाइलवर प्रूफ पाहून होकार देऊ नये. ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावरचा, फिनिशिंगसह नमुना मागून घ्यावा, तो आपल्या प्रिंटरमधून काढून पाहावा, त्यावर आपल्या रोजच्या पेनाने लिहावे आणि लिहिलेल्यावरून अंगठा फिरवून पाहावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रक, नारायण पेठ, पुणे