रविवारचा फोन आता संध्याकाळी

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी दुपारी फोन हातात घेतला आणि तुमचे नऊ मिस्ड कॉल बघून पोटात गोळाच आला. फोन गाडीत राहिला होता. मी उलटा फोन केला तेव्हा आई, तू नुसतं "आहेस ना, बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबा तर काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं. तुझा आवाज जरा जरी बदलला तरी मी विषय बदलते.

तर सरळ सांगते. मी सायकल घेतली आहे. डोंगरातल्या वाटांवर चालवायची, माउंटन बाइक. महिन्यातले दोन रविवार मी एका शेतावर जाऊन ती चालवणार आहे. आधी विचारायला हवं होतं, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर आई नको म्हणाली असती, आणि आई नको म्हणाली की मला ते करता येत नाही. अजूनही येत नाही.

निळी सायकल मी विसरलेले नाही. दादाचा हात, ती रात्र, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी कोणाशी एक शब्द न बोलता ती विकून टाकली, तेही. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तेव्हा तुम्ही दोघं माझ्या आत्ताच्या वयापेक्षाही लहान होतात, हे मला परवा परतताना गाडीत जाणवलं आणि तुम्हाला घट्ट धरून बसावंसं वाटलं.

पण ही जागा म्हणजे रस्ता नाही, बाबा. ट्रक नाहीत, मागून हॉर्न नाही. शेताच्या कडेच्या टेकडीवर झाडांमधून एकेरी वाटा काढल्या आहेत, सिंगलट्रॅक म्हणतात त्यांना. एका वेळी एकच सायकल जाईल एवढीच रुंदी. सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी खूण असते: हिरवी सोपी, निळी मधली, काळी अवघड. मी हिरव्या वाटेवर तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी एकच निळी. काळीकडे मी बघितलंही नाही.

वाट कशी आखली आहे ते बाबांना आवडेल. ती उतारावरून सरळ खाली जातच नाही, आडवी आडवी वळत जाते आणि मध्येच थोडी वर चढते. त्यामुळे पाणी वाटेवरून वाहत न सुटता त्या खोलगट जागी बाहेर पडतं. वाटेची बाहेरची कडाही किंचित कललेली असते, त्याचसाठी. पाऊस पडून गेला की माती सुकेपर्यंत वाटा बंद, कारण ओल्या मातीत चाकांचे चर पडतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच चरांतून धावतं. शेतातलं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. हे सगळं इतकं निगुतीनं करणारी माणसं आहेत, म्हणून मला तिथे धास्ती वाटत नाही.

आणि आई, शिकवणाऱ्या बाईंनी पहिलंच काय सांगितलं असेल? "चाकाकडे बघू नकोस, पुढे बघ." नजर दगडावर खिळली की सायकल नेमकी त्या दगडावरच जाते. गॅलरीतून तू हेच ओरडायचीस, "समोर बघ गं!" मी वळणावर ते मोठ्यानं म्हटलं, तुझ्याच सुरात. वळण नीट निघालं.

आता पडल्याचं सांगते, कारण दादाकडून कळलेलं मला नको आहे. निळ्या वाटेवर एका ओल्या मुळावर पुढचं चाक घसरलं आणि मी बाजूच्या गवतात आडवी झाले. वेग चालण्याएवढाच होता. कोपर खरचटलं, तेही पॅड थोडं खाली सरकलं होतं म्हणून. तिथल्या तिथे धुतलं, औषध लावलं, आता खपली धरली आहे. डोक्याला काही लागलं नाही. हेल्मेट चांगलं आहे, गुडघ्यांना पॅड, हातात पूर्ण बोटांचे ग्लोव्हज. डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. पळण्यापेक्षा सायकलवर गुडघ्यांवर भार कमी येतो, आणि आईचे गुडघे मला मिळालेत हे मला माहीत आहे. घरी आले, गरम पाण्यानं अंघोळ केली आणि रात्रभर एकदाही जाग न येता झोपले. अशी झोप मला दोन वर्षांत लागली नव्हती. ती दोन वर्षं कशी गेली ते तुम्ही पाहिलं आहे. मला हे हवं आहे, त्याचं खरं कारण एवढंच.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं खाली उतरायच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, उलटं पायडल दाबलं की लागणारा. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि मग हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. वीस वर्षांनी, १९९६ ला, हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये होता. हे कळलं तेव्हा मला तुम्ही दिसलात: वर्तमानपत्र पसरून बसलेले, बोटावर ग्रीस, छर्रे झाकणात मोजून ठेवलेले आणि मला हात लावायची बंदी. परवा मी साखळीच्या एकेका कडीवर एकेक थेंब तेल सोडलं, पायडल उलटं फिरवत, मग फडक्यानं वरचं पुसून काढलं. तुम्ही करायचात तसंच. नखं काळी झाली.

आता माझं ऐका. बाबांनी बल्ब बदलायला स्टुलावर चढायचं नाही, दादा येईपर्यंत अंधारात बसलात तरी चालेल. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. मी प्रत्येक वेळी पॅड बांधते, तू जिना उतरताना पट्टा बांधायचा. कठड्याला हातही धरायचा. रागावले नाहीये गं. फक्त कर.

शेतावर झाडांमध्ये रेंज येत नाही, म्हणून त्या दोन रविवारी सकाळचा फोन होणार नाही. निघताना आणि गाडीत परत बसल्यावर दादाला मेसेज टाकीन, तो तुम्हाला सांगेल. संध्याकाळी सहाला मी स्वतः फोन करीन. पहिल्या रिंगला धावत येऊ नकोस आई, मी वाजू देईन.

तुमची,
धाकटी