आधी ती आली होती

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण नावाची पाटीसुद्धा तुम्ही दुकानावर लावलेली नाही. पण शहापुरात जुनी पुस्तकं घ्यायला जाणाऱ्या बेळगावकरांना कळेलच मी कुणाला लिहितेय. आभार चारचौघांत मानतेय, कारण ज्या गोष्टीसाठी मानतेय ती चारचौघांतच घडली.

मी खानापूर तालुक्यातल्या जंगलभागात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या दिवशी तुमच्या दुकानात माझ्यासोबत पाचवीतली जी मुलगी होती, ती सिद्दी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात आणि इकडे खानापुरातही हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात शिरलेल्या माणसांचे हे वंशज. या पोरीच्या घरात कोकणी मिसळलेली मराठी बोलतात. तरी बसमध्ये कुणी ना कुणी तिला विचारतंच, तू कुठल्या देशाची?

वर्गात तिला ‘जंजिऱ्याचा सिद्दी’ म्हणून चिडवायचे. शिवजयंतीच्या देखाव्यात पाहिलेला शत्रू पोरांनी तिच्या माथी मारला होता. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना पाठ असतो. त्याच वेढ्यावर महाराजांच्या बाजूने चालून गेलेले सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह कुणाला माहीत नसतात. मी ते वर्गात सांगितलं. पोरं थोडा वेळ गप्प बसली, एवढंच. त्या मुलीला तलवारीच्या गोष्टीचं काय करायचं होतं? ती पळते, काका. अनवाणी, मान खाली घालून, सगळ्यांच्या पुढे. तिच्यासारखे केस आणि तिच्यासारखा रंग असलेली, पळणारी कुणीतरी मला तिला दाखवायची होती.

म्हणून खेळाडूंची चित्रचरित्रं शोधत होते. परदेशात अशी पुस्तकं पुष्कळ निघतात. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदकं जिंकणारा जेसी ओवेन्स, १९४७ साली गोऱ्यांच्या बेसबॉल संघात पाऊल ठेवणारा जॅकी रॉबिन्सन, १९५७ ला विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन. प्रत्येकावर लहान मुलांसाठी मोठमोठ्या चित्रांची पुस्तकं आहेत. एका ग्रंथालयात मी विचारलं, तर ‘मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी पुस्तकं कशाला?’ म्हणाले. चित्र बघायला कुठली भाषा लागते, हे मी त्यांना विचारलं, त्याचं उत्तर मिळालं नाही. एका मोठ्या दुकानात तर मुलगी कपाटाजवळ गेल्याबरोबर नोकर धावत आला, ‘ए, हात लावू नकोस.’ शेजारी दुसरी मुलं पुस्तकं उलटसुलट करत होती. त्यांना तो काही बोलला नाही. त्या दुकानातून बाहेर पडताना ती माझ्या मागे चालत होती, आणि तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

आणि मग तुमचं दुकान. गाईड, जुने दिवाळी अंक, कन्नड कादंबऱ्या, स्पर्धापरीक्षांचे गठ्ठे. मी काय हवंय ते सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, गठ्ठा सोडलात आणि खालून एक पातळ, मोठ्या आकाराचं पुस्तक ओढून काढलंत. ते मला दिलं नाहीत. धोतराच्या सोग्याने पुसून तिच्या हातात दिलंत. ‘बस इथं, बघ सावकाश.’

ती बघायला लागली. तेवढ्यात एक गृहस्थ आले. कपडे इस्त्रीचे, हातात गाडीची किल्ली, मुलासाठी दहावीची पुस्तकं हवी होती, घाई होती. त्यांनी तिला हातानेच ‘सरक’ म्हणून खुणावलं आणि ती सरकलीसुद्धा. सवय आहे तिला. तेव्हा तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, ‘थांबा की थोडं. ही आधी आलीया.’

काका, त्याच एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही त्या गृहस्थांना रागावला नाहीत, वर्णभेदावर भाषण दिलं नाहीत, तिला बिचारी म्हटलं नाहीत. दुकानात जो आधी येतो त्याचं आधी बघायचं, हा जो नियम सगळ्यांना असतो तो तुम्ही तिलाही लावलात. ते गृहस्थ थांबले. तिने शेवटच्या पानापर्यंत पुस्तक बघितलं. पैसेही तुम्ही तिच्याच हातून घेतलेत आणि सुट्टे तिच्या तळहातावर मोजून ठेवलेत.

ते पुस्तक विल्मा रुडॉल्फचं होतं. १९४० साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जन्मलेली, बावीस भावंडांतली विसावी. पोलिओने पाय लुळा झाला, पायाला पट्टा बांधावा लागला. जवळचा दवाखाना गोऱ्यांचा, म्हणून आई तिला बसने नॅशव्हिलला न्यायची, आणि काळ्या लोकांनी बसमध्ये मागेच बसायचं. हीच मुलगी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन आली. गावाने मिरवणूक काढायची ठरवली, तेव्हा काळे-गोरे वेगळे राहणार असतील तर मी येणार नाही, असं तिने सांगितलं. क्लार्क्सव्हिलमध्ये सगळे एकत्र आलेला तो पहिला सोहळा.

मुलांसाठीच्या चरित्रांत बऱ्याचदा अपमानाची पानं भराभर उलटून पदकाशी पोचायची घाई असते. हे पुस्तक तसं नाही, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. माझी विद्यार्थिनीही पदकाच्या चित्रापाशी फार थांबली नाही, बसच्या चित्रापाशी थांबली. खानापूरला परतताना मला विचारलं, ‘बाई, हिलापण काळी म्हणून चिडवायचे?’ मी हो म्हणाले. मग बराच वेळ तिने पुस्तक मांडीवरून हलवलं नाही.

निघताना तुम्ही बाळू पालवणकरांची आठवण काढलीत, तेही विसरणार नाही. १८७६ मध्ये आपल्या धारवाडात जन्मलेला, चर्मकार समाजातला फिरकी गोलंदाज. मैदानात सगळ्यांबरोबर खेळायचा आणि चहाच्या वेळी मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा घ्यायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी तेव्हाच्या धर्मावार सामन्यांत खेळणाऱ्या हिंदू क्रिकेट संघाचं कप्तानपद त्याला दिलं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तिकडे वर्ण होता, इथे जात. बाळूंचं असं मोठ्या चित्रांचं पुस्तक मराठीत आणि कन्नडमध्येही प्रत्येक शाळेत असायला हवं. ऐंशीच्या दशकात क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना धावण्यासाठी निवडून शिकवायला घेतलं होतं, पुढे ती योजना बंद पडली. त्या धावपटूंचीही चित्रं कुणी काढलेली मी पाहिलेली नाहीत.

चिडवणं थांबलं, असं मी लिहिणार नाही. पण गोष्ट मी मराठीत सांगितली तेव्हा पानं तिने उलटली, आणि चित्र नीट दिसावं म्हणून पोरं तिच्या भोवती दाटून बसली. चिडवण्यात पुढे असणाऱ्या मुलाने पट्ट्याचं पान पुन्हा दाखवायला सांगितलं. ‘आधी खाली बस,’ ती म्हणाली, आणि तो बसला.

सीमेवरच्या आमच्यासारख्या शाळांना कुणी ना कुणी काहीतरी आश्वासन देतच असतं. वर्तमानपत्रात फोटो येतात. तुम्ही शाळेसाठी काही करतोय असं म्हटलंही नाहीत, आणि माझी एक मुलगी मान वर करून दुकानातून बाहेर पडली. तुमच्यासारखी साधी, सरळ माणसं गल्लोगल्ली असतील, त्यांचं नाव कुठे येत नाही. हे पत्र त्यांनाही आहे.

तिचा एक निरोप आहे. जेसी ओवेन्सचं पुस्तक आलं तर दुसऱ्या कुणाला देऊ नका, बाजूला काढून ठेवा. तालुक्याच्या शर्यती झाल्या की ती स्वतः न्यायला येणार आहे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका