ऑलिव्हच्या घाण्यातले काळे पाणी

बारी, इटली
१० डिसेंबर

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

ऑलिव्हच्या घाण्यातून निघणारे काळे पाणी सरळ गावाच्या सांडपाणी प्रकल्पात का सोडत नाहीत, हा तुझा प्रश्न फोनवर सुटणारा नव्हता. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघ. दिवसाला ३० टन फळ गाळणारा घाणा धर. ठेचलेल्या फळाचा लगदा डिकँटरमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या आडव्या पिंपात जातो. जुन्या रचनेत त्यातून तेल, चोथा आणि पाणी असे तीन वाटे निघतात. त्यासाठी लगद्यात कोमट पाणी घालावे लागते, त्यामुळे टनामागे साधारण एक घनमीटर सांडपाणी होते. दिवसाचे ३० घनमीटर म्हणजे जेमतेम तीन टँकर. पण त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, घनमीटरला ४० किलो धरला, आणि हा काही फार वरचा आकडा नव्हे, तर दिवसाला १२०० किलो भार झाला. युरोपात माणशी रोजचा भार ६० ग्रॅम धरतात. म्हणजे हे तीन टँकर २०,००० वस्तीच्या गावाएवढे! तेही नोव्हेंबरपासून तीनेक महिनेच. पुढे काहीच नाही. प्रकल्पातले जिवाणू नऊ महिने उपाशी ठेवायचे आणि मग एकदम त्यांच्यापुढे पंगत वाढायची, असे जमत नाही.

भारापेक्षाही मोठी अडचण फिनॉलची. फळाचा कडूतुरटपणा या द्रव्यांमुळे असतो आणि ती तेलापेक्षा पाण्याकडे ओढली जातात. फळातल्या फिनॉलपैकी तेलात दोनेक टक्केच उतरतात. निम्म्याच्या आसपास या पाण्यात जातात, बाकीचे चोथ्यात. किडीपासून फळ राखणारी हीच द्रव्ये प्रकल्पातल्या जिवाणूंनाही मारतात. पहिला फटका अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना बसतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया चढू लागला आणि हवेच्या टाकीवर तपकिरी फेस दाटला, की कुणीतरी रात्री टँकर ओतला असे खुशाल समजावे.

म्हणून माझे ठाम मत असे, की पहिला पैसा शुद्धीकरणाच्या यंत्रावर घालू नये, घाण्याच्या आत घालावा. फळ धुतलेले पाणी वेगळ्या नळाने काढावे. ते बरेच सौम्य असते, माती बसू दिली की पुन्हा वापरता येते. काळ्या पाण्यात मिसळले की सगळेच काळे. डिकँटरला घालायचे पाणीही मोजून द्यावे. स्पेनने १९९० नंतर दोन वाट्यांचे डिकँटर आणले, त्यात वरून पाणी जवळजवळ लागतच नाही. पण घाण तिथे नाहीशी होत नाही, चोथ्यात जाऊन बसते. टनामागे सुमारे ८०० किलो ओला, चिकट, साठ-सत्तर टक्के पाण्याचा लगदा उरतो. तो ढिगात उभा राहत नाही आणि वाळवायला भरपूर इंधन खातो. त्यातल्या बियांचे तुकडे वेगळे काढले तर निदान जळण मिळते.

इटलीत घाण्याचे काळे पाणी शेतात पसरायला १९९६ च्या ५७४ क्रमांकाच्या कायद्याने परवानगी आहे. जुन्या दाबघाण्याचे वर्षाला हेक्टरी ५० घनमीटर, डिकँटरचे ८०. महापौरांना ३० दिवस आधी लेखी कळवायचे, सोबत जमिनीचा तांत्रिक अहवाल जोडायचा. भूजल १० मीटरच्या आत असेल, भाजीपाल्याचे पीक उभे असेल, जमीन गोठलेली किंवा आधीच पाण्याने भरलेली असेल, तर बंदी. आपल्या उदाहरणातल्या घाण्याचे ९० दिवसांचे २७०० घनमीटर झाले, म्हणजे जवळपास ३४ हेक्टर हवे. ८० घनमीटर म्हणजे अवघे ८ मिलिमीटर पाऊस, पण तो सारखा पडला पाहिजे. टँकरवाला एका जागी व्हॉल्व्ह उघडून उभा राहिला, तर तिथे तेलकट साय धरते, तिच्याखाली पाणी मुरत नाही आणि पुढच्या पावसात सगळे ओढ्यात. पोटॅश भरपूर असल्याने झाडांना फायदाच होतो. नत्र मात्र नगण्य, त्यामुळे कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात. पेरणीही किमान दोन महिने लांबवावी, कारण फिनॉल कोवळे अंकुर जाळतात. इथली चुनखडीची जमीन पाण्याची आंबट धार मारते हे खरे, पण त्याच खडकात भेगा आणि विवरे आहेत. भेगेत गेलेले पाणी कशातूनही न गाळता थेट भूजलात पोचते. म्हणून जागा हिंडून बघायची, नुसत्या नकाशावर विसंबायचे नाही.

जमीन नसेल तर बायोगॅस. घनमीटरला ८० किलो सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) आणि त्यातला ७० टक्के पचला, तर सुमारे २० घनमीटर मिथेन मिळतो, कारण एक किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर ही वरची मर्यादा. पण हे पाणी एकटे पचवायला जाऊ नये. सामू (पीएच) पाचच्या आसपास, नत्र कमी, आम्ल सोसायची ताकद नाही. गाईम्हशींच्या शेणकाल्यात या तिन्ही उणिवा भरून निघतात. आधी वरचे तेल काढायचे, नाहीतर त्यातली स्निग्धाम्ले जिवाणूंच्या गाळावर चढतात आणि तो तरंगून वाहून जातो. मग बायोगॅसच्या टाकीच्या रोजच्या खाद्यात ५ टक्के काळे पाणी, दर आठवड्याला थोडी वाढ, आणि १५-२० टक्क्यांवर थांबायचे. तापमान ३५ ते ३८ अंश, मुक्काम महिनाभर. सामूकडे बघत बसू नये, तो फार उशिरा बोलतो. उडणारी आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर रोज काढावे. ०.४ च्या वर गेले की काळे पाणी त्याच दिवशी बंद, नुसता शेणकाला चालू. घाबरून चुन्याची पोती ओतणारे बघितले की जीव तुटतो. सामू उडी मारतो आणि उरलेसुरले जिवाणूही जातात. द्यायचाच तर खाण्याचा सोडा, थोडाथोडा.

चुन्याची जागा वेगळी, तो पूर्वप्रक्रियेत कामाचा. एक लिटरच्या बरणीत करून बघ: चुन्याची निवळी नव्हे, दाट दूध हळूहळू घालत ढवळायचे. पाणी आधी जास्तच काळे पडते, घाबरायचे नाही. सामू ११ च्या पुढे गेला की दह्यासारखी फुटी दिसू लागते आणि तासाभरात वर लालसर पाणी सुटते. लिटरला १० ग्रॅम किंवा त्याहून जास्त चुना सहज खपतो. बरेचसे फिनॉल आणि तेल खाली बसतात, सीओडी मात्र निम्माही हटत नाही, कारण साखरा आणि आम्ले विरघळलेलीच राहतात. आणि गाळ इतका होतो, की त्याची सोय आधी ठरवल्याशिवाय चुन्याला हात लावू नये.

उघड्या तलावात वाळवणे सर्वांत स्वस्त, म्हणून स्पेन आणि ट्युनिशियात ते खूप झाले. पण वर तेलाची साय धरली की बाष्पीभवन मंदावते, उन्हाळ्यात दुर्गंधी पसरते, आणि अस्तर फाटले तर खालची विहीर बिघडेपर्यंत पत्ता लागत नाही. मला ही पद्धत पटत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. साठवण टाकी रिकामी केल्यावर तळाचा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास सुरुवातीला येतो, मग नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. तेव्हा गाळ पंपाने, बाहेर उभे राहून काढायचा. गॅस मोजल्याशिवाय आणि पंख्याने हवा खेळवल्याशिवाय कुणीही आत उतरायचे नाही. आत कुणी पडलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी नाही. आधी हवा, दोर आणि श्वसनाचा संच.

आईबाबांना साष्टांग नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझा,
धाकटा