बदलता येणारी बॅटरी ग्राहकाला मिळालीच पाहिजे

महोदय,

मोबाइल फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, हा आता घरोघरचा अनुभव आहे. चार्जिंगची आवर्तने वाढतील तशी लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटणारच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती अधिक झपाट्याने घटते. म्हणजे फोनमधला जो भाग हमखास झिजणार हे उत्पादकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, नेमका तोच भाग गोंदाने चिकटवून ग्राहकाच्या हाताबाहेर ठेवला जातो. माझा आक्षेप या रचनेला आहे.

आईच्या फोनची बॅटरी बदलताना मी दुकानात शेजारी बसून पाहिले. कारागिराने मागची काच तापवली, रबरी चोषकाने जराशी उचलली, फटीतून प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवून गोंद कापला आणि नाजूक रिबन केबल सांभाळत फुगलेली बॅटरी हळूहळू सोडवली. काच तडकली तर भरपाई मिळणार नाही, हे त्याने आधीच बजावले होते, आणि त्यात त्याचा काही दोष आहे असे मला वाटत नाही. नोकियाची बीएल-५सी बॅटरी मात्र कोणालाही नखाने झाकण सरकवून घरच्या घरी बदलता येत असे.

पाणी आत शिरू नये म्हणून फोन बंदिस्त करावा लागतो, असे कारण दिले जाते. पण सॅमसंगचा २०१४ सालचा गॅलेक्सी एस५ हा आयपी६७ दर्जाचा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा फोन होता. त्याचे मागचे झाकण हाताने निघत असे, बॅटरी बदलता येई आणि हेडफोनची ३.५ मिमीची खाचही त्यात होती.

ही खाच अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून काढली आणि इतर अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. साध्या तारेच्या हेडफोनला बॅटरीच लागत नाही. बिनतारी जोडीत मात्र दोन्ही कानांच्या दोन आणि डबीची एक अशा तीन बॅटऱ्या असतात, आणि त्या संपल्या की बहुधा सगळा संच कचऱ्यात जातो. शिवाय फोनमधल्या एफएम रेडिओला हेडफोनची तारच अँटेना म्हणून लागते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क कित्येक दिवस बंद होते. अशा वेळी रेडिओचे मोल आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. फोनमधला एफएम चालू ठेवावा, अशी सूचना केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये उत्पादकांना केली होती, पण खाचच नसेल तर ती सूचना बऱ्याच अंशी कागदावरच राहते.

युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असणे बंधनकारक होत आहे. अधिक टिकाऊ आणि जलरोधक बॅटरीच्या फोनना त्यात सवलत आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. मात्र पोर्टलवरच्या माहितीने चिकटवलेली बॅटरी सुटत नाही. विभागाने आता भारतात विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने काढता येईल असा नियम करावा, मूळ बॅटरी गावातल्या दुरुस्ती दुकानदारालाही विकत मिळेल हे पाहावे आणि तिची किंमत फोनच्या खोक्यावर छापणे सक्तीचे करावे.

— एक वाचक, अलिबाग (जि. रायगड)